पिवळ्या फेजचा जोड

पडताळणीच्या यादीत सातव्या ओळीवर 'अमृतवेल शीतगृह, कुमठाळ' हे नाव दिसलं आणि तनया झांबरेचा माउसवरचा हात थांबला. यादीत वीज अपघातांच्या एकूण सतरा जुन्या घटना होत्या. सोळा गावांशी तिचा काही संबंध नव्हता. उरलेलं एक तिचं स्वतःचं गाव होतं.

ती तेरा वर्षांची असताना त्या शीतगृहाला आग लागली होती. बेदाणा निवडणाऱ्या चार बायका आतल्या खोलीत अडकल्या. भिंतींना लावलेल्या फोमचा काळा धूर इतका होता, की दार सात पावलांवर असून त्यांना ते सापडलं नाही. शालन गुरव, हिराबाई ऐवळे, रंजना सुतार आणि एकोणीस वर्षांची पल्लवी कोष्टी. ही नावं कुमठाळमध्ये अजून कुणी विसरलं नव्हतं. दस्तगीर मुलाणीचं नावही कुणी विसरलं नव्हतं. आगीच्या नऊ दिवस आधी शीतगृहासमोरच्या खांबावर जोड केला होता तो याच लाइनमननं. चौकशीत ठरलं, की खांबावरचा जोड सैल राहिला, त्यानं व्होल्टेज वरखाली झालं आणि आत आग लागली. दस्तगीर पाच महिने तुरुंगात होता. नोकरी गेली. खटला अकरा वर्षं चालून संशयाचा फायदा मिळाला, तेव्हा तो मिरजेला मोटारी रिवाइंड करत होता.

तनया त्याला दस्तूचाचा म्हणायची. तिचे वडील विलास झांबरे त्याच वीज कंपनीत वायरमन होते आणि दोघांची जोडी अठरा वर्षांची. एक खांबावर, एक खाली. खाली विलास उभा असला की दस्तगीर दुसऱ्यांदा लाइन बंद आहे का ते विचारत नसे.

तिनं सातव्या ओळीवर क्लिक केलं.

तनया आता त्याच वीज कंपनीत ज्या प्रणालीवर काम करत होती, तिला सगळे 'रोधनकाशा' म्हणत. कल्पना शाळेतल्या पुस्तकात बसेल इतकी साधी होती. तारेच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा, तिच्यातून वाहणारा करंट मोजा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा, तारेचा रोध मिळतो. घरातली मोटर सुरू झाली की मीटरवर करंट वाढतो आणि व्होल्टेज किंचित उतरतं. साठ अँपिअरनं करंट वाढला आणि तीन व्होल्ट उतरले, तर मीटरपर्यंतच्या वाटेचा रोध निघतो पन्नास मिलिओहम; मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग. अडचण एवढीच, की व्होल्टेज दिवसभर दुसऱ्याही शंभर कारणांनी हलत असतं. त्या गोंधळातून एका जोडाचा आवाज वेगळा काढायला हजारो नोंदी लागतात, आणि शेजाऱ्यांच्या नोंदीही लागतात. शेजारी महत्त्वाचा. दोष दोघांच्या सामायिक तारेत असेल तर एकाची मोटर सुरू झाल्यावर दोघांचं व्होल्टेज उतरतं. एकाच्याच तारेत असेल तर शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

गेल्या दोन वर्षांत ही आकडेमोड करणारी यंत्रणा तयार झाली होती. राज्यातल्या प्रत्येक जोडाचा रोध तासातासाला कळणार होता, आणि तो जोड कुणी केला त्याचं नावही शेजारी दिसणार होतं. लाइनमन मंडळी नाराज होती. "आता जोड आमच्या नावानं बोंबलणार," असं ते म्हणत. प्रणाली चालू करण्याआधी ती जुन्या अपघातांवर तपासून पाहायची असं ठरलं. नवे मीटर बसल्यापासूनच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी सर्व्हरवर पडून होत्या. बिल काढण्यापलीकडे कुणी त्या कधी उघडल्या नव्हत्या.

शीतगृहाच्या खांबावरून पाटोळ्यांची पिठाची गिरणीही चालायची. तनयानं दोन्ही मीटरच्या चार हजारांहून जास्त नोंदी प्रणालीत घातल्या आणि चहा आणायला गेली. परत आली तेव्हा आलेख तयार होता.

सामायिक वाट, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून खांबापर्यंत, त्यात दस्तगीरचा जोड. बारा मार्चपर्यंत वीस मिलिओहम. बारा मार्चला दस्तगीरनं जोड केला, त्या दिवसापासून अठरा. शेवटच्या नोंदीपर्यंत अठरा. त्याच्या हातानं रोध वाढला नव्हता, कमी झाला होता.

शीतगृहाची एकट्याची वाट, खांबापासून मीटरपर्यंत. लाल आणि निळ्या फेजवर काही नाही. पिवळ्या फेजवर तीन फेब्रुवारीला तीस मिलिओहम. मग पस्तीस. चव्वेचाळीस. दहा मार्चला पंच्याहत्तर, म्हणजे प्रणालीनं धोक्याचा इशारा द्यावा इतका. एकवीस मार्चला, आगीच्या दिवशी दुपारी, एकशेदहा.

तनयानं कागद ओढला. ऐंशी मिलिओहम जास्त. कॉम्प्रेसर चालू असताना साठ अँपिअर. साठ गुणिले शून्य पूर्णांक शून्य आठ, म्हणजे चार पूर्णांक आठ व्होल्ट. दोनशे तीसमधले जेमतेम पाच व्होल्ट. त्यानं दिवासुद्धा मंद होत नाही. पण त्या चार पूर्णांक आठला साठनं गुणलं की होतात दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची सळई पंचवीस वॅटची असते. तशा अकरा सळया सुपारीएवढ्या जागेत तासन्‌तास लावून ठेवल्यासारखं. आणि ती जागा होती निवडीच्या खोलीच्या भिंतीवरच्या लाकडी मीटरपेटीत. पेटीखाली पुठ्ठ्याचे बॉक्स रचलेले असत, हे पंचनाम्यातच लिहिलेलं होतं.

पेटी पूर्ण जळाल्यामुळे तिथं पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. खांबावरचा जोड उरला होता, काळा पडलेला. आग लागल्यावर शॉर्टसर्किट झालं तेव्हा तो काळा पडला असणार.

तीन फेब्रुवारीला काय झालं होतं? तिनं जुनी कामाची नोंद उघडली. 'ग्राहकाची सर्व्हिस केबल बदलली. मीटरपेटीत जोडणी केली.' खाली सही होती. ती सही तिनं प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

देशिंगकर साहेबांनी आलेख दोनदा पाहिला. ते तनयाचे वरिष्ठ होते, शांत स्वभावाचे, आणि तिचे वडील कोण हे त्यांना माहीत होतं.

"दार लोटून घे," ते म्हणाले. मग बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. "हे बघ, आपण पद्धत तपासतोय. माणसं तपासत नाही. सतरापैकी दोन ठिकाणी 'नोंदी अपुऱ्या' असं आपण आधीच लिहिलंय. तिसरं असलं तर कुणी विचारणार नाही."

"नोंदी पुरेशा आहेत, सर."

"ते मला दिसतंय. मी तुला सांगतोय, की ते न दिसण्याची सोय आहे."

"मुलाणींचं काय?"

"त्यांना कोर्टानं सोडलंय."

"संशयाचा फायदा देऊन. मिरजेत अजून लोक त्यांच्याकडं घरातली मोटर द्यायला कचरतात."

देशिंगकरांनी टोपण लावलं. "सोमवारपर्यंत वेळ घे. जे पाठवशील त्यावर मी सही करीन. दोन्हीपैकी कशावरही."

शनिवारी संध्याकाळी ती कुमठाळला गेली. आई गेल्यापासून तिचे वडील, आप्पा, एकटेच राहत. अंगणात खुर्ची टाकून ते मिक्सर उघडून बसले होते. गल्लीतल्या कुणाचाही मिक्सर बिघडला की तो आप्पांकडे येई.

"एकदम न सांगता?" ते म्हणाले. "जेवून जाणार ना?"

तनयानं छापलेला आलेख त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी हात पुसले, चष्मा चढवला. वरच्या ओळीतलं शीतगृहाचं नाव वाचलं. तारीख वाचली. पिवळ्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे हळूहळू बोट फिरवलं. मग मिक्सरच्या खोक्यावरची पेन्सिल घेऊन कागदाच्या कडेला आकडे मांडले. दोनशे अठ्ठ्याऐंशी. खाली रेघ मारली.

"बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"एवढं असेल असं वाटलं नव्हतं."

तनया म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

आप्पांनी पेन्सिल खोक्यावर ठेवली. ती घरंगळली, ती त्यांनी परत ठेवली.

"केबल अॅल्युमिनियमची होती. टर्मिनल पितळेचं. मधे लग लागतं, दोन धातूंचं असतं ते. स्टोअरला नव्हतंच. तीन महिने मागत होतो आम्ही. शीतगृहाचा माल आत होता, साहेब म्हणाले, तात्पुरतं दाबून टाक, लग आलं की बदल. मी तार तासली आणि टर्मिनलमधे दाबली. स्क्रू जेवढा आवळता येईल तेवढा आवळला."

पुढचं तनयाला पाठ होतं. अॅल्युमिनियमवर हवेनं एक पातळ थर चढतो आणि त्यातून वीज जात नाही. कॉम्प्रेसर चालू झाला की तार तापून फुगते, बंद झाला की आकसते, दर वेळी पकड थोडी ढिली होते. ढिली झाली की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेनं पकड आणखी ढिली होते.

"लग आलं?"

"एप्रिलमधे आलं."

गल्लीतून दुधवाला गेला. आप्पांनी सवयीनं त्याला हात केला.

"चौकशीत तुम्ही साक्ष दिली होती," तनया म्हणाली.

"मला विचारलं, खांबावरचा जोड कुणी केला. मी म्हटलं, दस्तगीर मुलाणीनं. खरंच होतं ते. पेटीतला कुणी केला, ते मला विचारलंच नाही."

"आप्पा."

"तू तेरा वर्षांची होतीस. तुझी आई डायलिसिसवर होती. मला वाटलं, दोन दिवसांत त्याचं सुटेल, काही सापडणार नाही त्याच्यावर. मग महिना झाला. मग इतके दिवस झाले, की आता बोललो तर आधी का नाही बोललास, हेच विचारणार." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तू काय करणार आहेस?"

"पाठवणार."

"मी गेल्यावर पाठवलंस तर? सत्तर झालीत मला. फार वर्षं थांबावं लागणार नाही."

"चाचा तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहेत."

आप्पांनी मिक्सरचं झाकण उचललं आणि बसवायला गेले. ते बसेना. तनयानं हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. ती जेवायला थांबली नाही. फाटकापर्यंत गेली तरी मागून 'सावकाश जा' आलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी ती मिरजेला पोचली. दस्तगीर मुलाणीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. त्यांची दाढी पांढरी झाली होती. तिला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"विलासची तनू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता आणि आनंदही नव्हता. "आप्पा बरे आहेत?"

"बरे आहेत, चाचा. मी कंपनीच्या कामासाठी आलेय."

तिनं सगळं सांगितलं. नोंदी कशा सापडल्या, गिरणीच्या मीटरनं काय दाखवलं. दस्तगीर ऐकत होते. हातातली अर्धी गुंडाळलेली मोटर त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"माझा जोड किती होता?"

"आधी वीस मिलिओहम होता. तुम्ही केलात तेव्हापासून अठरा."

"शेवटच्या दिवशी?"

"अठराच."

"कागदावर लिहून दे."

तिनं लिहून दिलं. त्यांनी कागद दिव्याजवळ नेऊन वाचला. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आतून त्यांची बायको मुमताजचाची धावत आल्या. त्यांना वाटलं, पुन्हा छातीत दुखायला लागलं.

"काही नाही," दस्तगीर म्हणाले. "पोरीनं चांगली बातमी आणलीय." थोड्या वेळानं तनयाला म्हणाले, "सतरा वर्षं तो जोड मी रोज मनात उघडून बघतोय. पाना कितीदा फिरवला, पट्टी नीट गुंडाळली का. आधी मला पक्कं माहीत होतं, की जोड चांगला आहे. नंतर सगळे म्हणायला लागले तेव्हा माझंच मला खरं वाटेना. चारी बायांसाठी रोज दुवा मागतो मी. गुन्हेगार मागतो तशी."

चाचींनी पाणी आणलं. दस्तगीर घोटभर प्याले.

"मग पेटीतला होता म्हणायचा. पेटीतला कुणाचा?" विचारून होताच त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला. "विलासचा."

"हो."

"लग नव्हतं स्टोअरला," ते स्वतःशीच म्हणाले. "मी असतो तरी दाबूनच टाकलं असतं. त्यात त्याचा काय दोष? कुणीही..." आणि मधेच थांबून त्यांनी विचारलं, "त्याला माहीत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही मीटरमध्ये नव्हतं. ती 'माहीत नाही' म्हणाली असती तरी कुणाला कधी कळलं नसतं.

"हो, चाचा. माहीत होतं."

दस्तगीरनं मान हलवली, पुन्हा हलवली. मग उठून आत गेले. चाचींनी चहा आणला, तो तनयानं एकटीनंच घेतला.

सोमवारी तिनं अहवाल पाठवला. त्याला एक पान जास्त जोडलं. रोधनकाशात प्रत्येक जोडासमोर माणसाचं नाव येणार असेल, तर त्याच ओळीत आणखी एक रकाना हवा, असं त्यात लिहिलं होतं: जोडाचं योग्य साहित्य त्या दिवशी स्टोअरमध्ये होतं की नाही, आणि नसताना काम करायला कुणी सांगितलं. देशिंगकर साहेब म्हणाले, "हे पान वरच्यांना पचणार नाही." तरी त्यांनी दोन्हींवर सही केली. पुढं चार महिने भांडून तो रकाना आला. लाइनमनच्या संघटनेनं प्रणालीला होकार दिला तो त्या रकान्यामुळेच.

फेरचौकशी जूनमध्ये झाली. आप्पा येतील की नाही, तनयाला ठाऊक नव्हतं. त्या शनिवारनंतर दोघं फोनवर औषधांपलीकडे बोलले नव्हते. ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटेच, सकाळच्या एसटीनं. दस्तगीर मुलाणी पहिल्या रांगेत बसले होते, आप्पा शेवटच्या.

चौकशी अधिकारी तरुण होते. त्यांनी आलेख पडद्यावर दाखवला, दस्तगीर मुलाणी निर्दोष असल्याचं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मीटरपेटीतील जोडणी साहित्याअभावी सदोष राहिली. ती करणारे कर्मचारी निवृत्त आहेत. दोषाची त्यांना कल्पना असल्याचा पुरावा उपलब्ध नाही."

"उपलब्ध आहे," आप्पा उभे राहून म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"मी विलास झांबरे. जोड माझा. आग लागली त्याच दिवशी मला कळलं होतं, की पेटीतून लागली. पेटी जळून खाक व्हायच्या आधी ती कुठून पेटलीय, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. साक्षीच्या वेळी मी गप्प बसलो. दस्तगीर आत गेला तरी गप्प बसलो. हे यंत्रात दिसणार नाही, म्हणून सांगतोय. लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी आधी टायपिस्टकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "घ्या लिहून."

बाहेर व्हरांड्यात आप्पा भिंतीला टेकून उभे होते. मुमताजचाचींचा हात धरून दस्तगीर बाहेर आले आणि त्यांच्यासमोर थांबले. दोघं सतरा वर्षांनी समोरासमोर होते.

"चार बाया मी मारल्या असं समजून मी जगलो," दस्तगीर म्हणाले. "लग नव्हतं, ते मी समजू शकतो. पण तू मला ते उचलायला लावलंस. आता माझ्यानं होत नाही. तुझं तू घे."

माफी मागायला आप्पांचे ओठ हलले असतील, पण दस्तगीर तोवर जिना उतरायला लागले होते.

त्या रात्री तनया कुमठाळच्या घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी तिला उठवलं. "चल येतेस का? मला घरं माहीत आहेत, पण एकट्याला पाय उचलत नाही."

दोघं चालत निघाले. शालन गुरवच्या थोरल्या मुलानं उंबऱ्यात उभं राहून सगळं ऐकलं, "बरं" म्हणाला आणि दार लावलं. ऐवळ्यांचं घर बंद होतं. सगळे पुण्याला गेले, असं शेजारणीनं सांगितलं. आप्पांनी तिच्याकडून नंबर घेतला. रंजना सुतारचा नवरा बोलायला लागला, पण रडू आवरेना म्हणून आत गेला. बराच वेळ वाट पाहून ते निघाले.

पल्लवी कोष्टीची आई मागच्या अंगणात शेंगा फोडत होती. आप्पांचं बोलून होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग तिनं आप्पांना सोडून तनयाला विचारलं, "ते मशीन तुझं ना? माझी पोरगी आत होती त्या दिवशी ते असतं, तर कळलं असतं?"

"हो काकू. अकरा दिवस आधी कळलं असतं."

"आता कळतं?"

"आता तासाभरात कळतं."

म्हातारीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेंगांचं सूप बाजूला सारून चटई मोकळी केली.

"बसा," ती म्हणाली. "पल्लवी कशी होती, ते सांगते तुम्हाला. आजवर कुणी विचारलंच नाही."

आप्पा खाली बसले आणि ऐकू लागले.